सेनेगलला जायचे तर पाहुणा होऊन

आफ्रिकेच्या सहलीची जाहिरात म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सिंह, जिराफ आणि उघडी जीप येते. हे चित्र केनिया, टांझानियाचे, म्हणजे पूर्व आफ्रिकेचे. खंडाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक महासागरात सर्वांत पुढे घुसलेल्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगल आहे. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख, त्यात ९५ टक्क्यांहून अधिक मुसलमान. राजधानी डाकार. कारभाराची भाषा फ्रेंच, पण बाजारात, बसमध्ये आणि घरात बोलली जाते ती प्रामुख्याने वोलोफ. आपल्या वर्तमानपत्रांत हा देश क्वचितच येतो, आणि आला तर फुटबॉलमुळे येतो. त्या फुटबॉल संघाचे टोपणनाव आहे ‘तेरांगाचे सिंह’. तेरांगा म्हणजे पाहुणचार. राष्ट्रीय संघाच्या नावात मेहमाननवाजीचा शब्द घालणारे देश जगात किती असतील?

पर्यटकांच्या हाती जी यादी पडते तीही भरगच्च आहे. गोरे बेट, सेंट लुईचे जुने शहर, जूजचे पक्षी अभयारण्य, गुलाबी तळे, सालूम नदीच्या मुखाजवळची खारफुटी, आग्नेयेचे निओकोलो-कोबाचे जंगल. यांतली बहुतेक ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. यादी खोटी नाही, मात्र अपुरी आहे. तिच्यात स्थळे आहेत, ती स्थळे सांभाळणारी माणसे नाहीत. सेनेगल पाहायचे असेल तर तिकीट काढून पाहणाऱ्याच्या नजरेने ते अर्धेच दिसते. ते पूर्ण दिसते पाहुण्याला, कारण घर कसे चालते याची थोडी तरी चौकशी पाहुणा करतो.

आधी निसर्ग पाहू. सेनेगल नदी समुद्राला मिळते त्या भागात जूजचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १६ हजार हेक्टरांची ही पाणथळ जागा १९७१मध्ये राखीव झाली आणि १९८१मध्ये जागतिक वारसा ठरली. युरोपात थंडी पडली की पक्षी दक्षिणेकडे निघतात. सहारा ओलांडल्यावर त्यांना मिळणाऱ्या पहिल्या मोठ्या पाणवठ्यांपैकी हा एक. सुमारे १५ लाख पक्षी इथे आश्रय घेतात असे युनेस्को सांगते. पांढऱ्या पेलिकनांच्या वसाहतीत होडी शिरते तेव्हा माणसांचा आवाज ऐकू येत नाही, इतका त्यांचा कलकलाट असतो. पण हेच उद्यान २००० ते २००६ या काळात धोक्यातील वारशांच्या यादीत होते. पाण्यावर झपाट्याने पसरणाऱ्या एका परक्या वनस्पतीने जलमार्ग झाकून टाकले होते. आपल्याकडे पंचगंगा किंवा मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिलेल्यांना हे संकट समजावून सांगायला नको. ती वनस्पती आटोक्यात आली म्हणून आज होडी फिरते. आकर्षण म्हणून जे दाखवले जाते त्यामागे असे कष्ट असतात.

डाकारपासून सुमारे ३० किलोमीटरवर रेतबा तळे आहे. फ्रेंच नावाचा अर्थ गुलाबी तळे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर २०२०च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा सगळा महाराष्ट्र चकित झाला होता. तिथे तो रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. रेतबाच्या गुलाबी छटेचे श्रेय खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म शेवाळाला दिले जाते. एकेकाळी पॅरिस-डाकार मोटारशर्यत या तळ्याकाठी संपायची आणि जगभरच्या दूरचित्रवाणीवर तळे दिसायचे. त्या चित्रांत मागे उभे असलेले मीठ कामगार कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. हे लोक छातीभर पाण्यात उभे राहून तळाशी साचलेला मिठाचा थर काठीने फोडतात आणि होडीत भरतात. मिठाने कातडी सोलवटू नये म्हणून अंगाला शीया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी चोळतात. २०२२च्या पावसाळ्यात आसपासच्या उपनगरांत तुंबलेले पुराचे पाणी तळ्यात आले. पाणी वाढले, खारेपणा उतरला, रंग गेला. पर्यटकाच्या दृष्टीने एक छायाचित्र हुकले. मीठ काढणाऱ्यांची रोजी बुडाली. दोन्ही नुकसानांची मोजपट्टी एक नाही, आणि तिथे जाणाऱ्याला हा फरक कळायला हवा.

याच किनाऱ्यावर सेंट लुई शहराची गोष्ट अधिक कठीण आहे. फ्रेंचांनी १६५९मध्ये नदीतल्या बेटावर वसवलेले हे ठाणे पुढे वसाहतीची राजधानी झाले. लाकडी सज्जे असलेली जुनी घरे, १८९७चा लोखंडी फैदर्ब पूल आणि दरवर्षीचा जाझ संगीताचा महोत्सव यांसाठी लोक येतात. बेट आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद पट्टी आहे. तिच्यावर गेट न्दार ही कोळ्यांची दाट वस्ती आहे. लांब लाकडी होड्या, त्यांवर रंगवलेली नक्षी, पीरांची नावे, दुआ. या होड्यांची छायाचित्रे प्रत्येक पर्यटकाच्या फोनमध्ये असतात. २००३मध्ये शहराला पुराचा धोका होता म्हणून घाईने वाळूच्या पट्टीत जेमतेम ४ मीटर रुंदीचा चर खणला गेला. शहर त्या वेळी वाचले, पण समुद्राला वाट सापडली. चर वाढत वाढत काही किलोमीटरांचा झाला. दून बाबा दिये नावाचे गाव पाण्याखाली गेले, शेतात आणि विहिरींत खारे पाणी शिरले. कोकणात किनारा खचताना पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की समुद्राशी घाईत केलेला सौदा पुढच्या पिढीला फेडावा लागतो.

मासे कमी झाले, घरे समुद्राने नेली, आणि त्याच रंगीत होड्या दुसऱ्या कामाला लागल्या. तरुण मुले त्यांत बसून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात. त्यांच्या तोंडी वोलोफमधला एक वाक्प्रचार आहे: ‘बार्सा वाला बारसाख’. बार्सिलोना, नाहीतर बरजख. उर्दू जाणणाऱ्याला बरजख म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; मृत्यू आणि कयामत यांच्यामधला मुक्काम. युरोपला पोचू, नाहीतर मरू, असा त्याचा सरळ अर्थ. युरोपचा पर्यटक व्हिसाशिवाय विमानातून डाकारला उतरतो. त्याच्यासमोर होडी रंगवणाऱ्या मुलाला उलट दिशेने जाण्याची परवानगी मिळत नाही. म्हणून होडीचे छायाचित्र काढणाऱ्याने ती कुठे निघाली आहे हेही विचारावे. प्रवासाचे स्वातंत्र्य हे एका बाजूचे आकर्षण आणि दुसऱ्या बाजूचा जिवावरचा जुगार आहे.

हा प्रश्न तिथल्या समुद्राला नवा नाही. डाकारच्या बंदरातून बोटीने २० मिनिटांत गोरे बेट येते. मोटार नाही, गुलाबी-पिवळ्या भिंती, बोगनवेल. मशीद आहे, चर्चही आहे. आणि ‘गुलामांचे घर’ आहे, ज्याचा मागचा दरवाजा थेट समुद्राकडे उघडतो. त्याला ‘परत न येण्याचा दरवाजा’ म्हणतात. १९९२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या बेटावर गुलामांच्या व्यापाराबद्दल क्षमा मागितली. नेल्सन मंडेला येऊन गेले, २०१३मध्ये बराक ओबामा त्या दरवाज्यात उभे राहिले. या घरातून किती माणसे नेली गेली यावर इतिहासकारांचा वाद आहे. अनेकांच्या मते या एका दरवाज्याविषयी सांगितले जाणारे आकडे फार फुगवलेले आहेत, आणि मोठी संख्या किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून गेली. हा वाद मोलाचा आहे, पण त्याचा गैरफायदा घेणारेही असतात. एका घराचा आकडा कमी निघाला म्हणून गुलामीचा व्यापार लहान ठरत नाही. अटलांटिकपार नेलेल्यांची एकूण संख्या कोटीच्या वर आहे. स्मारकाचे काम हिशेबनीसाचे नसते, आठवण ठेवण्याचे असते. आणि आठवण टिकायची असेल तर ती खऱ्या आकड्यांवर उभी असलेली बरी. आपल्याकडे इतिहासावरून भांडताना या दोन गोष्टी एकत्र धरण्याचे धैर्य कमीच दिसते.

गोरेवरून दक्षिणेला किनाऱ्याने शंभरेक किलोमीटर गेल्यावर जोआल गाव लागते. तिथून लाकडी पुलाने फादियूतला जाता येते. हे बेट शिंपल्यांचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कालवे-शिंपले खाल्ले आणि कवच टाकली, त्यांतून जमीन तयार झाली. पायाखाली रस्ताही शिंपल्यांचाच. देशात मुसलमान बहुसंख्य, फादियूतमध्ये मात्र ख्रिस्ती बहुसंख्य. दुसरा एक पूल पार केला की दफनभूमीचे बेट येते. तेही शिंपल्यांचे. पांढरे क्रूस आणि मुसलमानांच्या कबरी एकाच जमिनीत, मध्ये भिंत नाही. वर झाड आहे बाओबाबचे.

हे झाड महाराष्ट्राला परके नाही. आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. मुंबईत, वसईच्या परिसरात हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची जी जुनी झाडे दिसतात ती हीच, आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेली. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अदानसोनिया’ हा शब्द १७४९मध्ये सेनेगलला आलेल्या मिशेल अदान्सोन या फ्रेंच निसर्ग अभ्यासकावरून पडला. सेनेगलच्या राजचिन्हात एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला गोरखचिंच. तिच्या फळातला आंबट पांढरा गर तिथे घराघरांत वापरतात.

त्या गराचीच एक कहाणी सगळ्या मशिदी आणि पुलांपेक्षा जास्त सांगून जाते. गुड फ्रायडेला सेनेगलचे ख्रिस्ती लोक ‘न्गालाख’ नावाचा पदार्थ करतात. बाजरीचे वाफवलेले दाणे, शेंगदाण्याचे वाटण, गोरखचिंचेचा गर, साखर, मनुका. पातेलीच्या पातेली शिजतात, कारण तो फक्त घरासाठी नसतो. डब्यांत, वाडग्यांत भरून मुसलमान शेजाऱ्यांकडे जातो. तबास्कीला, म्हणजे बकरी ईदला, मांसाचे वाटे उलट दिशेने ख्रिस्ती घरांत येतात. एखाद्या वर्षी न्गालाख आला नाही तर शेजारी गमतीने तक्रार करतात. याला कुणी सर्वधर्मसमभावाचा कार्यक्रम म्हणत नाही. व्यासपीठ नाही, हार नाहीत, भाषणे नाहीत. भांडे रिकामे परत पाठवायचे नाही एवढा साधा हिशेब आहे, जो आपल्या गल्ल्यांतल्या बायकांनाही पाठ होता.

राजकारणातही हे उतरले. जोआलमध्ये १९०६ साली जन्मलेले लिओपोल्ड सेदार सेंघोर हे कवी, आणि धर्माने कॅथलिक. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा या मुस्लिमबहुल देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष तेच झाले. २० वर्षे राहिले, आणि १९८०च्या अखेरीस स्वतःहून पद सोडले. त्यांच्या राजकीय उदयाच्या काळात त्यांचा मोठा प्रतिस्पर्धी मुसलमान होता. तरीही मुसलमानांच्या सूफी सिलसिल्यांतल्या अनेक वजनदार पीरांनी पाठिंबा दिला तो सेंघोर यांना. सेनेगलच्या घटनेत राज्य धर्मनिरपेक्ष आहे, आणि सुट्ट्यांच्या यादीत ईदबरोबर ईस्टरचा सोमवार आणि नाताळही आहे. मूठभर लोकांसाठी सगळ्या देशाने सुट्टी का घ्यावी, असा प्रश्न तिथे मोठा होत नाही.

रमजानला वोलोफमध्ये ‘कोर’ म्हणतात आणि ईद-उल-फित्रला ‘कोरिते’. २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी रमजान आणि ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्व उपवासकाळ जवळपास एकत्रच सुरू झाला, त्यामुळे एकाच इमारतीत दोन्ही घरे आपापल्या पद्धतीने संयम पाळत होती. डाकारमध्ये मगरिबच्या आधी वाहतूक तुंबते. तेव्हा चौकाचौकांत तरुण मुले उभी राहून अडकलेल्या चालकांना खजूर, पाव आणि गरम कॉफी देतात. गाडीत कोण बसले आहे हे विचारत नाहीत. इफ्तारला तिथे ‘न्दोगू’ म्हणतात. त्यात लाल अंबाडीच्या फुलांचे सरबत असते, ज्याला ‘बिसाप’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीची भाजी-भाकरी खाणाऱ्याला हा स्वाद ओळखीचा वाटेल. कॉफी असते ती ‘तूबा कॉफी’, एका काळ्या तिखट मसाल्याच्या शेंगा घालून उकळलेली.

या कॉफीला नाव देणारे तूबा शहर यादीत सहसा नसते, आणि असायला हवे. शेख अहमदू बांबा यांनी १८८७मध्ये ते वसवले. जन्नतमधल्या वृक्षाचे नाव त्यांनी गावाला दिले. त्यांच्या सिलसिल्याला मुरीदिया म्हणतात. मुरीद हा शब्द आपल्या दर्ग्यांत रोज ऐकू येतो. बांबा यांनी तलवार उचलली नाही, पण अनुयायांची वाढती गर्दी पाहून फ्रेंच सत्ता घाबरली आणि १८९५मध्ये त्यांना दूर गॅबॉनला हद्दपार केले. सात वर्षांनी ते परतले. हद्दपारीच्या त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी १८ सफरला ‘मागाल’ भरतो. लाखो लोक येतात आणि शहरातली घरे त्यांना फुकट जेवू घालतात. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणारी गावे ज्याने पाहिली आहेत, त्याला या व्यवस्थेचे मोल कळेल. शिक्षेच्या दिवसाचे उत्सवात रूपांतर करणे, आणि त्या उत्सवाचा मुख्य विधी अनोळखी माणसाला वाढणे हा ठेवणे, याला विचार लागतो.

वाढण्याचीही तिथे रीत आहे. ‘च्येबू जेन’ म्हणजे मासे आणि भात, २०२१पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत. तो तांदळाच्या कणीचा करतात, कारण फ्रेंचांनी आपल्या आशियातल्या वसाहतींतून स्वस्त कणी इथे आणून विकली. गरिबीने आलेली वस्तू लोकांनी चवीने आपली केली. एका मोठ्या परातीभोवती सगळे बसतात, प्रत्येकाने आपल्या समोरचेच खायचे. मासा आणि भाज्या मधोमध असतात. घरची बाई त्यांचे तुकडे करून पाहुण्याच्या बाजूला सारत राहते. परातीत वेगळे ताट मागणारा पर्यटक पोटभर जेवतो, पण त्याला तेरांगा कळत नाही.

भांडणे होऊ नयेत म्हणूनही एक सोय आहे. काही आडनावांत आणि जमातींत थट्टेचे नाते असते. न्दियाय आणि दियोप भेटले की एकमेकांना ‘भातखाऊ’, ‘माझा गुलाम’ म्हणायचेच, आणि रागवायचे नाही. सेरेर आणि दियोला या जमातींतही असेच. आपल्याकडे मेव्हणा-भावोजींची थट्टा असते तशी, फक्त ती घरापुरती न राहता सगळ्या समाजात चालते. पोलीस चौकीत किंवा कचेरीतही आडनाव ऐकून आधी थट्टा होते, मग काम.

म्हणजे सेनेगल हा स्वर्ग आहे का? नाही. दक्षिणेतल्या कासामान्स प्रदेशात १९८२पासून फुटीर चळवळीने जीव घेतले, गावे उठवली. शहरांत काही मदरशांची लहान मुले डबे घेऊन भीक मागताना दिसतात आणि त्यांच्या शोषणावर तिथलेच लोक आवाज उठवतात. गरिबी आहे, बेकारी आहे, नाहीतर बरजखची भाषा आली नसती. पाहुण्याने घरातली तडे गेलेली भिंत पाहून न पाहिल्यासारखे करू नये, आणि त्या भिंतीवरून सगळ्या घराची किंमतही ठरवू नये. सेनेगलमधला सलोखा तिथल्या मातीत आपोआप उगवलेला नाही. पीरांनी घेतलेले निर्णय, घटनेतले कलम, आडनावांची थट्टा आणि दरवर्षी शिजणारे पातेले यांनी तो राखला आहे. राखले नाही तर तोही त्या वाळूच्या पट्टीसारखा ४ मीटरच्या चरातून वाहून जाऊ शकतो.

जाणाऱ्यांसाठी सांगण्यासारखे थोडेच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ कोरडा, पक्षीही तेव्हाच असतात. फादियूतची दफनभूमी पाहताना आवाज खाली ठेवावा. तिथे लोक आपल्या माणसांना भेटायला येतात. तूबामध्ये दारू आणि तंबाखूला बंदी आहे, ती पाळावी. मीठ कामगाराचे छायाचित्र काढण्याआधी विचारावे. आणि लांबलचक अभिवादनाला कंटाळू नये. सलाम झाल्यावर तब्येत, घर, मुले, काम अशी विचारपूस चालते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘जाम रेक’ असे येते. फक्त शांतता आहे, असा त्याचा अर्थ. घाईतल्या माणसाला तो वेळेचा अपव्यय वाटेल. तिथला माणूस मात्र विचारपूस न करता थेट कामाचे बोलणाऱ्याला उद्धट समजतो.

प्रत्येकाला सेनेगलला जाता येणार नाही. प्रवास महाग आहे, लांबचा आहे. पण न्गालाखच्या पातेल्यासाठी विमान लागत नाही. आपल्या गावांत शीरखुर्म्याचे वाडगे आणि दिवाळीच्या फराळाचे ताट अजून दारोदार फिरते. पूर्वीपेक्षा कमी फिरते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल सगळे हळहळतात. हळहळीने वाडगे भरत नाही. या ईदला जिन्यातल्या ज्या दारापर्यंत ते गेल्या काही वर्षांत गेलेले नाही, त्या दाराची कडी वाजवावी. आणि ज्याच्या दारात ते येईल त्याने भांडे रिकामे परत पाठवू नये.